पाण्यावरची शीळ

आमच्या समुपदेशन केंद्रात सगळ्यात नेमानं फाइलकाम करणारी बाई म्हणजे मी, असा तीन वर्षं सगळ्यांचा समज होता. भेटीच्या वेळा लिहायच्या रजिस्टरमध्ये अकरा ते साडेअकराच्या रकान्यात रोज माझ्या अक्षरात एकच शब्द असायचा: फाइलकाम. बाहेर बाकावर चार माणसं ताटकळत असली तरी त्या अर्ध्या तासात मी कुणाला आत घ्यायची नाही. केंद्राच्या प्रमुख मॅडम नव्या मुलींना माझं उदाहरण द्यायच्या आणि मी मान खाली घालून ऐकून घ्यायची. खरं सांगायचं तर माझ्या फाइलींइतक्या अर्धवट फाइली त्या इमारतीत दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या.

त्या अर्ध्या तासात मी दाराला आतून कडी लावून कपाट आणि भिंत यांच्यामधल्या कोपऱ्यात उभी असायची. कारण अकराला टँकर यायचा.

केंद्र शहरातल्या गारखेडा भागात, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. माझ्या खिडकीखालीच इमारतीचा पाण्याचा हौद. ती लागोपाठ दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी आठवड्यानं यायचं, कधी त्याहून उशिरा, आणि शहर मात्र थांबायचं नाव घेत नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे स्लॅब पडत होते, काल ज्वारीचं रान होतं तिथं आज प्लॉटच्या पाट्या उभ्या होत्या. आधी माणसं राहायला यायची, त्यांच्या मागून टँकर. आमच्या इमारतीनंही रोजचा टँकर लावला होता. तो फाटकातून उलटा आत यायचा आणि उलटा येताना त्याचा रिव्हर्स हॉर्न वाजायचा. कुठल्याशा आरतीची चाल, खेळण्यातल्यासारखी चिरकी. ती ऐकली की इमारतीतल्या बायकांचा जीव भांड्यात पडायचा, पाणी आलं म्हणून. माझे हातपाय गार पडायचे.

गारखेड्यात राहायला येण्याआधी आम्ही नवरा-बायको बीड बायपासच्या पलीकडे एका नव्या वसाहतीत राहायचो. घर ऐटीत, फरशी चकचकीत, नळ मात्र शोभेचे. सगळी वसाहत टँकरवर. टँकर यायच्या आधी बायका भिंतीच्या कडेनं आपापल्या कळशा रांगेत लावायच्या, आणि कुणाला मध्येच घरात जायचं असलं तर शेजारणीला सांगून जायचं: माझी कळशी पाहा गं. त्या सकाळी गॅसवर दूध ठेवल्याचं मला आठवलं. मी शेजारणीला म्हटलं, "माझी कळशी पाहा गं," आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा टँकर मागं मागं येत होता, ती चाल वाजत होती, आणि भिंत आणि टँकर यांच्यामध्ये शेजारीण होती. माझी कळशी उचलून बाजूला घ्यायला ती वाकली होती. मी टँकरच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी बडवत राहिले. हॉर्नपुढं ड्रायव्हरला काही ऐकू गेलं नाही.

याहून जास्त मी लिहिणार नाही. ती गेली, आणि तिच्या हातात माझी कळशी होती.

त्यानंतर मला जे झालं त्याला आघातानंतरचा ताणविकार म्हणतात, पीटीएसडी. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी रोज समोरच्या खुर्चीतल्या माणसांना तेच समजावून सांगत होते. तुम्हाला वेड लागलेलं नाही, तुमचं शरीर अजून त्या जागी उभं आहे, त्याला घरी परतायला वेळ लागतो, वगैरे. सांगायची हातोटी चांगली होती माझी, लोक ऐकायचे. माझं स्वतःचं शरीर कुठं उभं आहे हे मात्र नवऱ्याला आणि एका डॉक्टरांनाच ठाऊक होतं. डॉक्टरही मी मुद्दाम हर्सूलच्या बाजूचे शोधले होते. शहराचं दुसरं टोक, म्हणजे तिथल्या बाकावर आपल्याकडंच येणारं कुणी शेजारी येऊन बसायला नको.

त्यांच्या उपचारांनी खूप फरक पडला. झोप लागायला लागली, रस्त्यावरून जाणारा टँकर सोसायला लागला. खिडकीखाली उलटा येणारा तेवढा सोसत नव्हता. डॉक्टर म्हणायचे, केंद्रात सांगून टाका, दातांच्या डॉक्टरचेही दात किडतात. मी म्हणायची, किडतात, पण पेशंटच्या तोंडात हात घातलेला असताना तो स्वतः किंचाळत नाही. मी मनाशी एक पक्कं ठरवून टाकलं होतं. ज्या दिवशी समोर माणूस बसलेलं असताना आपला तोल जाईल, त्या दिवशी हे काम सोडायचं. ज्याला आधार हवा त्याला डुगडुगत्या खुर्चीवर बसवायचं नाही. आणि हे काम सुटण्याची धास्तीही तेवढीच होती, कारण दिवसभरात मला धड जमणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती.

त्या उन्हाळ्यात एक सून तिच्या सासऱ्यांना घेऊन आली. दौलताबादच्या पलीकडच्या एका खेड्यातलं धनगराचं घर. नवरा गारखेड्यातच एका अर्धवट इमारतीवर वॉचमन, ही तिथंच घमेली वाहायची, आणि म्हातारेबाबा त्यांच्यासोबत बांधकामावरच राहत होते. सत्तरीच्या आसपासचे, डोक्याला पटका, आणि बाहेर उन्हाचा कहर असताना खांद्यावर घोंगडी.

"मामा बोलत नाय, मॅडम," सून म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "चार महिनं झाले. तळ्यात नुसता गाळ राह्यला व्हता. मेंढरं पाण्याच्या वासानं आत घुसली ती निघालीच नाय. मामा गाळात उतरले, चार-पाच वढून काढली. बाकीची समदी डोळ्यादेखत गेली. आता बांधकामाला पानी मारलं, खाली वलं दिसलं, की मामा स्लॅबवरून खाली उतरत नाय. जेवान वर न्यावं लागतं."

मी गंभीरपणे मान हलवली आणि लिहून घेतलं. ओलं दिसलं की खाली न उतरणारा हा माणूस मला इतका ओळखीचा होता की त्याची फाइल मी न विचारता भरली असती.

पहिल्या भेटीत ते नुसते बसून राहिले. दुसऱ्या भेटीत मी बोलता बोलता पाण्याचा ग्लास उचलला, आणि बाबांनी शिट्टी वाजवली. हळू, लांब, एका सुरात. डोळे माझ्या ग्लासावर. मी ग्लास अर्धाच पिऊन खाली ठेवला, शिट्टी थांबली. वयाकडं पाहून मी तेव्हा सोडून दिलं. तिसऱ्या भेटीत मी ग्लास उचलताच पुन्हा तेच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. औरंगपुऱ्यातून कॉलेजला जाताना ज्या ज्या शिट्ट्या ऐकल्या होत्या त्या सगळ्या एकदम आठवल्या.

"बाबा, ही शिट्टी इथं चालायची नाही," मी म्हटलं. "बाईमाणसापुढं शोभतं का हे? नातवंडं आहेत तुम्हाला."

बाबांनी ओठ मिटले आणि पटक्याला उगाच हात लावला. सुनेनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मिटलं. मी फाइलमध्ये ठसक्यात लिहिलं: 'स्त्री समुपदेशकासमोर अयोग्य वर्तन. समज दिली.' ही एक फाइल मात्र मी पूर्ण भरली होती. पुढच्या दोन भेटींत मी पाणी प्यायला लागले की बाबा तोंड फिरवून भिंतीकडं पाहायचे. मला वाटलं, अद्दल घडली.

वैशाख लागला आणि टँकर भरायच्या जागीच रांगा लागायला लागल्या. आमचा अकराचा टँकर कधी बाराला, कधी तीनला, कधी येतच नाही, असा भटकायला लागला. माझा फाइलकामाचा अर्धा तास कुचकामी झाला. दोन दिवस मी डोकं दुखतंय म्हणून कशीबशी वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी बाबा समोर बसले होते, सून बाहेर बाकावर होती. माझ्या हातात ग्लास होता. खिडकीखाली ती चाल वाजायला लागली.

मधलं मला आठवत नाही. आठवतं ते असं की मी माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात होते, पण जमिनीवर, गुडघे छातीशी. ग्लास आडवा पडला होता आणि फरशीभर पाणी. बाबा खुर्चीतून उतरून माझ्यापासून हातभर अंतरावर खाली बसले होते. माझ्याकडं पाठ, तोंड दाराकडं. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा जग खाली घेऊन दुसरा ग्लास भरला आणि मागं न पाहता फरशीवरून माझ्याकडं सरकवला. आणि ते शिट्टी वाजवत होते. तीच, हळू, लांब, एका सुरात. बाहेर हॉर्न थांबला, पाइप हौदात पडल्याचा आवाज आला, पाणी कोसळायला लागलं. शिट्टी चालूच.

"प्या," ते म्हणाले. "घाई नाय. मी हाय हितं."

इतक्या महिन्यांत त्या माणसाच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द होते, आणि मी समुपदेशक म्हणून ते टिपून घ्यायला हवे होते. मी फक्त दोन्ही हातांनी ग्लास धरला. अर्धा पिऊन झाला, पुढं घोट उतरेना. टँकर गेला. बाबा उठले, घोंगडी सावरली आणि दार हळूच ओढून निघून गेले.

अर्ध्या तासानं मी राजीनामा लिहिला. 'वैयक्तिक कारणास्तव', दोन ओळी, सही. मॅडम दोन दिवस परगावी होत्या. त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली कागद ठेवला आणि घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आधी चहा घे." मग कप पुढं ठेवत म्हणाला, "तू दुसऱ्यांना इतक्या घाईनं निकालात काढत नाहीस." मी त्याच्यावर खेकसले, आणि मग रडले.

शनिवारी मी खण रिकामे करायला म्हणून केंद्रात गेले. तेवढ्यात सून बांधकामावरून तशीच धावत आली, हाताला सिमेंट, कपाळावर घाम.

"मॅडम, मामा बोलले!"

"काय बोलले?" मी विचारलं. माझा चेहरा पडला असणार. आदल्या दिवशीचा माझा तमाशाच सांगितला असेल, दुसरं काय.

"म्हनले, मला सोमवारी त्या बाईकडं न्ये. तिला पानी पेता येत नाय." ती पदरानं हात पुसत राहिली. "मॅडम, रागवू नका, एक सांगू का? ती शिट्टी नव्हती. जनावर पाण्यावर आनलं की आमी शीळ घालतो. बैल असू, मेंढरू असू. शीळ ऐकली की त्याला कळतं, आपला मानूस जवळ हाय, बिनघोर प्यावं. नाय तर दचकतं आन अर्धं पानी टाकतं. मामा बोलत नव्हते, पर तुमी पानी अर्धं टाकता हे मला पयली शीळ घातली त्याच दिशी हातानं दावलं व्हतं त्येंनी. ह्ये बाई कशाला तरी भेलीय, असं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी लई चिडल्या व्हत्या."

मी खुर्चीत बसले. बैल मी आयुष्यात पोळ्याला आणतात ते मातीचेच पाहिले होते. तीन वर्षं मी मॅडमला, नव्या मुलींना, सगळ्या इमारतीला गुंडाळून ठेवलं, आणि मेंढरांमागं जन्म गेलेल्या माणसानं एका अर्ध्या ग्लासावरून मला ओळखलं. त्याच्या फाइलवर मी 'अयोग्य वर्तन' लिहिलं. मला अतोनात लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं. कुणाला तरी कळलं होतं आणि तरी आभाळ कोसळलं नव्हतं.

"अजून एक, मॅडम," सून दारातून म्हणाली. "काल मामा धोतर वलं करून आले. म्हनलं, कुठं बसला व्हता? तर काय बोलले नाय, हसले."

मला शुक्रवारची फरशी आठवली. सांडलेल्या पाण्यात बसले होते ते, माझ्यासाठी.

सोमवारी सकाळी मॅडमनी बोलावलं. कागद त्यांच्या हातात होता. "वैयक्तिक कारण म्हणजे काय?" त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगितलं. दूध, कळशी, ती चाल, हर्सूलचे डॉक्टर, फाइलकाम, शुक्रवार. मॅडमनी कागद बाजूला ठेवला.

"तीन वर्षं मी पोरींना तुझ्या फाइलकामाचं कौतुक ऐकवतेय," त्या म्हणाल्या. "आण बघू त्या फाइली."

मी आणल्या. त्यांनी एक उघडली, दुसरी उघडली, तिसरी अर्ध्यात मिटली आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. मलाही आवरेना. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "डॉक्टरांशी मला एकदा बोलू दे. खोली हवी तर मागची घे. आणि हे आधी सांगितलं असतंस तर तीन वर्षं कपाटामागं उभी राहिली नसतीस, येडे."

मी म्हटलं, "आजचा दिवस हीच खोली राहू द्या. अकराला बाबा येणार आहेत."

"मग हा कागद संध्याकाळपर्यंत माझ्याकडं राहू दे," त्या म्हणाल्या.

बाबा आले. बसायच्या आधीच म्हणाले, "तुमी मना केलतं. तरी वाजवली. खाली बसलेलं बघवंना."

"चूक माझी होती बाबा," मी म्हटलं. "मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी मान डोलावली, जणू शहरातल्या बाईकडून एवढी अपेक्षा त्यांनी धरलीच नव्हती. मग विचारलं, "तुमचं काय गेलं?"

आमच्या कामात आपली कहाणी समोरच्यापुढं मांडायची नसते. नियम योग्य आहे, मी तो आजही पाळते. त्या दिवशी मी एका शब्दापुरता मोडला. "शेजारीण," मी म्हटलं.

बाबा घोंगडीचा काठ चाचपत राहिले आणि मग जमिनीकडं पाहत बोलायला लागले.

"म्होरकी व्हती माझी. शानी मेंढी, लई इमानी. गाळ बघून ती कडंलाच थांबली व्हती. मी म्हनलं तहानलीय, पेऊ द्या. म्या शीळ घातली." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "शीळ ऐकून ती बिनघोर आत गेली. तिच्या मागं समदी."

तळ्याच्या त्या दिवसापासून या माणसानं शीळ घातली नव्हती. पुन्हा घातली ती माझ्या ग्लासासाठी, आणि ती मी बंद केली होती.

"बाबा," मी म्हटलं, "गाळ तुम्ही केला नव्हता. तुम्ही तहान पाहिली. जो जीव लावतो तो तेवढंच पाहतो."

"व्हय?"

"व्हय," मी म्हटलं. हे मी पोथीतलं सांगत नव्हते. दुधासाठी आत गेलेली एक बाई माझ्यातच बसून ते ऐकत होती, आणि तिलाही ते पहिल्यांदाच पटल्यासारखं वाटलं.

बाबांनी घोंगडीनं डोळे पुसले. तेवढ्यात फाटक करकरलं. त्या दिवशी टँकरला नेमकी जुन्या वेळेची आठवण झाली होती. ती चाल सुरू झाली, आणि माझी बोटं गार पडायला लागली. मी उठले नाही. कोपरा दोन पावलांवर होता, तरी उठले नाही. जगमधून ग्लास काठोकाठ भरला. थोडं पाणी टेबलावर सांडलं.

"बाबा, टँकर आला," मी म्हटलं. "मला भीती वाटते त्याची. शीळ घाला."

ते घाबरले. मला स्पष्ट दिसलं. ओठांपर्यंत आलेली शीळ त्यांनी गिळली आणि माझ्याकडं पाहिलं. "घालू?"

"घाला. इथं गाळ नाही."

त्यांनी घातली. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, मग सूर लागला. मी एक घोट घेतला. हॉर्न कानात घुसत होता, भिंत दिसत होती, कळशी दिसत होती, आणि त्या सगळ्याच्या अलीकडं, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, एक माणूस माझ्यासाठी शीळ घालत बसलेला दिसत होता. दुसरा घोट. तिसरा. पाइप हौदात पडला. मी पीत राहिले, तळाचा थेंब येईपर्यंत, आणि ग्लास टेबलावर ठेवला.

बाबांनी वाकून ग्लासात पाहिलं. जनावरांच्या कुंडीत पाणी उरलंय का ते पाहावं तसं. मग माझी परवानगी न घेता ते उठले, दार सताड उघडलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सुनेला, तिच्या शेजारच्या तीन अनोळखी माणसांना, नव्या मुलींना आणि आवाज ऐकून दारात आलेल्या मॅडमना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"समदं पेलं गं बाईनं! थेंब ठिवला नाय!"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी दार लावून घ्यायला उठले नाही. मॅडम आत गेल्या, कागद घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावर रिकाम्या ग्लासाखाली ठेवून निघून गेल्या. मी तो फाडला आणि रजिस्टर ओढून घेतलं. पुढच्या सोमवारच्या अकराच्या रकान्यात 'फाइलकाम' आधीच लिहिलेलं होतं. ते खोडून मी तिथं बाबांचं नाव घातलं.